सॉफ्टनर घेण्याआधी पाण्याचा हिशेब

सॉफ्टनर विकायला येणारा माणूस बहुतेक वेळा पेल्यातल्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवतो आणि आठशे-नऊशेचा आकडा दाखवून आपल्याला घाबरवतो. त्या आकड्यावरून सॉफ्टनर निवडता येत नाही. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांची गोळाबेरीज. साबणाला फेस न येणं, गिझरच्या कॉइलवर खपली धरणं, नळांवर पांढरे डाग पडणं यामागे मात्र मुख्यतः दोनच घटक असतात, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. त्यांचं प्रमाण हार्डनेसच्या चाचणीतूनच कळतं. शिवाय खरा सॉफ्टनर टीडीएस कमी करतच नाही. तो कॅल्शियम, मॅग्नेशियम काढून घेतो आणि बदल्यात सोडियम सोडतो, त्यामुळे मीटरवरचा आकडा होता तिथेच राहतो किंवा किंचित वाढतो. मीटरवर विश्वास ठेवणारं गिऱ्हाईक चांगलं यंत्र बिघडलेलं समजून परत पाठवील.

महाराष्ट्राचा बराच भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसला आहे आणि या खडकाच्या भेगांत साठलेल्या पाण्यात हे दोन्ही घटक उतरतात. धरणाचं पाणी त्या मानाने सौम्य असतं. शहरांच्या कडेच्या सोसायट्यांत नळ, बोअर आणि टँकर असं तिन्ही पाणी एकाच टाकीत पडतं आणि त्यांचं प्रमाण ऋतूनुसार बदलतं. म्हणून एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर पाणी तपासावं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. थेंब मोजून रंग बदलेपर्यंत करायची घरगुती चाचणीही पुरेशी अचूक असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात हार्डनेस लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो.

आकडा हाती आला की बाकीचा हिशेब घरीच मांडता येतो. समजा हार्डनेस ४०० आहे आणि घरात दिवसाला ६०० लिटर पाणी लागतं. म्हणजे रोज २४० ग्रॅम हार्डनेस काढायचा आहे. सॉफ्टनरच्या टाकीतले रेझिनचे बारीक मणी लिटरमागे साधारण ५० ग्रॅम हार्डनेस धरून ठेवतात. मग ते भरतात आणि मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा तयार करावे लागतात. २५ लिटर रेझिन असेल तर यंत्र पाच दिवस चालेल आणि प्रत्येक धुण्याला तीन-चार किलो मीठ लागेल. आता हाच हिशेब शॉवरला लावायच्या मुठीएवढ्या फिल्टरला लावून पाहा. त्यात १०० मिलिलिटर रेझिन धरलं तरी ते पाच ग्रॅम हार्डनेस काढील, म्हणजे साडेबारा लिटर पाणी. आंघोळीची एक बादलीही भरणार नाही. महिनोन् महिने चालणाऱ्या अशा फिल्टरची जाहिरात वाचताना हे गणित विसरू नये.

यावर कुणी म्हणेल, मीठ, धुणं, देखभाल ही कटकट हवी कशाला? पाइपला गुंडाळायची चुंबकीय किंवा इलेक्ट्रॉनिक यंत्रं मिळतात की. पण ती पाण्यातून काहीही काढत नाहीत. यंत्राआधीच्या आणि नंतरच्या पाण्याचा हार्डनेस मोजला तर तो सारखाच निघतो. वॉशिंग मशीनच्या नळाला लावतात त्या पॉलिफॉस्फेटच्या काडतुसाची गोष्ट वेगळी आहे. ते खपली धरण्याला आळा घालतं आणि तेवढ्यासाठी ते जरूर घ्यावं, पण कॅल्शियम पाण्यातच राहतं. आरओ हार्डनेस काढतो खरा, पण बरंच पाणी वाया घालवून. आंघोळ-धुण्यासाठी तो परवडणार नाही. तेव्हा सगळ्या घराचं पाणी मऊ हवं असेल तर मिठाला पर्याय नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. बोअरच्या पाण्याने तांबूस डाग पडत असतील तर त्यात लोह आहे. ते आधी वेगळं गाळावं, नाहीतर रेझिनच खराब होतं.

आरोग्याच्या नावाखाली मात्र हे यंत्र घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने हार्डनेससाठी आरोग्याच्या कारणाने कोणतीही मर्यादा घातलेली नाही. त्वचेच्या तक्रारींचं म्हणाल, तर एक्झिमा असलेल्या ३३६ मुलांवर इंग्लंडमध्ये झालेल्या चाचणीत सॉफ्टनर लावून बारा आठवड्यांत वेगळा फायदा दिसला नाही. तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. उलट ४०० हार्डनेसचं पाणी पूर्ण मऊ केलं की लिटरमागे सुमारे १८४ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते रोज पिणं बरं नाही. म्हणून स्वयंपाकघरातला पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच वेगळा काढावा. कुंड्यांना आणि बागेलाही हे पाणी घालू नये, आणि रेझिन धुतलेलं खारं पाणी तर मुळीच नको. सोडियमने आपली चिकण काळी माती बसते आणि तिच्यात पाणी मुरेनासं होतं. शोषखड्ड्यावर चालणाऱ्या घरांनी या कारणासाठी फक्त गिझर आणि वॉशिंग मशीनपुरताच छोटा सॉफ्टनर घ्यावा. तक्रार नुसत्या कपड्यांची असेल तर धुण्याचा सोडा पुरतो.

विकत घेताना रेझिन किती लिटर आहे आणि एका धुण्याला मीठ किती लागतं, हे बिलावर लिहून घ्यावं. ठरावीक दिवसांनी आपोआप धुणारं यंत्र घरी कुणी नसतानाही मीठ खर्चतं. वापरलेलं पाणी मोजून धुणारं थोडं महाग पडलं तरी तेच घ्यावं. बसवून झाल्यावर नळाच्या पाण्याची हार्डनेस-चाचणी समोर करून दाखवल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नयेत.