‘रेस्क्यू’च्या आधी काय झालं?

रात्रीचे साडेअकरा. उद्या प्रॅक्टिकल आहे, जर्नल अर्धवट आहे आणि तुम्ही पांघरुणात शिरून मोबाइल बघताय. एक रील येते. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं वाघाचं पिल्लू. मागे रडवेलं संगीत. पुढच्या क्षणी तेच पिल्लू बाटलीनं दूध पितंय, मग हिरवळीवर लोळतंय. ‘आम्ही याला वाचवलं,’ अशी ओळ येते. तुम्ही लाइक करता, चार ग्रुपवर पाठवता आणि चांगलं काम केल्याच्या समाधानात झोपता.

झोपा, पण एक प्रश्न उशाशी ठेवा. हे पिल्लू पिंजऱ्यात आलं कुठून? आणि त्याची आई कुठे आहे?

रील बहुतेक वेळा पिंजऱ्यापासूनच सुरू होते. त्याच्या आधीचं काहीच दिसत नाही. गोची नेमकी तिथंच असते.

मठातले वाघ

थायलंडमध्ये कांचनाबुरीला एक बौद्ध मठ होता. जग त्याला ‘टायगर टेम्पल’ म्हणायचं. गोष्ट मन हेलावणारी होती. १९९९ मध्ये एक अनाथ पिल्लू मठात आलं, भिक्खूंनी त्याला आसरा दिला, मग आणखी पिल्लं येत गेली. जगभरातून पर्यटक यायचे, पैसे मोजायचे, पिल्लांना बाटलीनं दूध पाजायचे, वाघाचं डोकं मांडीवर घेऊन फोटो काढायचे. आपण वाघ वाचवायला हातभार लावतोय, असंच त्यांना वाटायचं.

२०१६ मध्ये थायलंडच्या वन्यजीव खात्यानं तिथून १३७ वाघ हलवले. त्या कारवाईत मठाच्या फ्रीझरमध्ये वाघाची ४० मेलेली पिल्लं सापडली. मठानं तस्करीचे आरोप नाकारले. पण साधा हिशेब करून बघा. मूठभर अनाथ पिल्लांचे शंभरावर वाघ कसे झाले? तिथंच पैदास होत होती म्हणून. बाटलीनं दूध पिणारं पिल्लू मांडीवर घेण्याजोगं काही आठवडेच राहतं. पर्यटक मात्र बारा महिने येतात. म्हणजे नवं पिल्लू सतत लागणारच. ताब्यात घेतलेल्या वाघांपैकी निम्म्याहून जास्त २०१९ पर्यंत सरकारी केंद्रांमध्ये दगावले. जवळच्या नात्यातल्या पैदाशीमुळे त्यांची प्रतिकारशक्ती खालावली होती, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं.

या गोष्टीची आणखी स्वस्त आवृत्ती तुमच्या फोनमध्येही असते. अजगरानं कुत्र्याच्या पिल्लाला विळखा घातलाय आणि ऐनवेळी एक माणूस धावत येऊन त्याला सोडवतो. पण मग कॅमेरा आधीपासून तिथं कसा, तोही तीन कोनांतून? असे ठरवून केलेले ‘रेस्क्यू’ इतके वाढले की २०२१ मध्ये यूट्यूबला ते नियमात बसत नाहीत, असं स्पष्ट करावं लागलं. त्यात पिल्लू छळलं जातं, अजगरही छळला जातो आणि व्ह्यूज तुमचे-आमचे असतात.

गडचिरोली ते जामनगर

हे सगळं परदेशातलं, आपल्याला काय त्याचं, असं म्हणाल तर थोडं आपल्याकडे वळू.

गडचिरोलीच्या अहेरी तालुक्यात कमलापूरला वन विभागाचा हत्ती कॅम्प आहे. २०२२ मध्ये कमलापूर, पातानील आणि ताडोबा इथले हत्ती गुजरातमधल्या जामनगरच्या एका ट्रस्टकडे पाठवायचं ठरलं. तिथं या हत्तींची चांगली देखभाल होईल, असं कारण देण्यात आलं. कमलापूरचे लोक मात्र पेटून उठले. आमचे हत्ती जंगलात फिरतात, इथं त्यांचं काय वाईट चाललंय, असा त्यांचा सवाल होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानंही बातम्यांची स्वतःहून दखल घेतली. पुढे ताडोबा आणि पातानीलचे हत्ती गेले, कमलापूरचे राहिले.

जामनगरमधला तोच पसारा आज ‘वनतारा’ म्हणून ओळखला जातो. मार्च २०२५ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, तेव्हा दोन हजारांहून जास्त प्रजाती आणि दीड लाखाहून जास्त प्राणी असे आकडे सांगितले गेले. तिथल्या दवाखान्याचं, सोयींचं कौतुक भलेभले करतात. मात्र इतके प्राणी आले कुठून, हा प्रश्नही जगभरातून विचारला गेला. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती जे. चेलमेश्वर यांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमलं. पथकाला नियमभंग आढळला नाही आणि सप्टेंबरमध्ये न्यायालयानं तो अहवाल स्वीकारला. वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘साइटीस’ कराराच्या सचिवालयानंही भेट दिली. त्यांनी सोयींची वाखाणणी केली, पण काही प्राण्यांच्या मूळ ठिकाणाबद्दल शंका मांडून आयातीला तूर्त विराम द्यावा अशी शिफारस केली. नोव्हेंबरमधल्या समरकंदच्या बैठकीत ती मान्य झाली नाही.

म्हणजे कायद्याच्या पातळीवर क्लीन चिट आहे, आणि ती लक्षात ठेवूनच पुढचं वाचा. ‘रिओ’ सिनेमातला निळा पोपट आठवतो? तो स्पिक्स मकाव, मूळचा ब्राझीलचा. २०२३ मध्ये असे २६ पक्षी जर्मनीतल्या एका प्रजनन केंद्रातून जामनगरला आले. ब्राझीलनं त्यावर नाराजी दाखवली. या पक्ष्यांना कुणी सर्कशीतून किंवा तस्कराच्या पोत्यातून सोडवलेलं नव्हतं. या कामाला संवर्धन म्हणता येईल, त्यावर वादही घालता येईल. पण त्याला ‘रेस्क्यू’ म्हणता येणार नाही. शब्दाला अर्थ असतो. एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात हलवणं आणि संकटातून सोडवणं, दोन्हींना एकच नाव दिलं तर खरोखर सोडवलेल्या प्राण्याची किंमत कमी होते.

रडू हा पुरावा नव्हे

कोल्हापूरच्या नांदणी मठाची माधुरी आठवत असेल. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशानं ही हत्तीण वनताराला गेली आणि अख्खा जिल्हा रस्त्यावर उतरला. लोक म्हणाले, आमची लेक नेली. प्राणीहक्कवाले म्हणाले, तिचे सांधे, तिचे पाय बघा, साखळदंड बघा. प्रवास एकच, गोष्टी दोन. दोन्हीकडे माणसं मनापासून रडली. अशा वेळी कुणाच्या डोळ्यांत जास्त पाणी आहे हे बघून उपयोग नसतो. पशुवैद्यकीय अहवाल काय म्हणतो, हे बघावं लागतं. तो वाचायला कंटाळवाणा असतो, त्यामागे संगीत नसतं, म्हणून तो व्हायरल होत नाही.

कॅमेऱ्याबाहेरचं काम

खरं रेस्क्यू कसं दिसतं? बहुतेकदा दिसतच नाही.

जुन्नर भागात ऊसतोडणीच्या वेळी फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. आई बहुधा जवळपासच असते. अशा वेळी वन विभागाचे लोक आणि माणिकडोह केंद्रातले डॉक्टर पिल्लू तपासतात आणि संध्याकाळी ते सापडलेल्या जागीच खोक्यात ठेवून दूर जातात. अंधारात आई येते, पिल्लाला तोंडात धरून निघून जाते. ट्रॅप कॅमेऱ्यात काही सेकंदांचं धुरकट काळं-पांढरं चित्र उरतं. बाटली नाही, मांडी नाही, सेल्फी नाही.

आपल्या सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. मांजात पंख कापलेली घुबडं, घारी, गाडीखाली आलेले प्राणी तिथं येतात. बरे झाले की त्यांना सोडायचं, हा हिशेब. जंगली जीवाला माणसाची सवय लागली की त्याचं परत जाणं अवघड होतं, म्हणून गर्दी आणि लाड दोन्ही नकोत.

सगळ्यांनाच परत जाता येत नाही, हेही खरं. गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात माणसांशी संघर्ष झालेले वाघ-बिबटे आणले जातात. डिसेंबर २०२४ मध्ये तिथं तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. कारण निघालं बर्ड फ्लू. तेव्हा ‘रेस्क्यू केलं’ म्हणजे गोष्ट गोड संपली असं समजू नका, गोरेवाड्यातही नाही आणि जामनगरातही नाही. तिथून पुढे त्या प्राण्याचं अख्खं आयुष्य बाकी असतं.

पैसे देण्याआधी, शेअर करण्याआधी

सुट्ट्यांत ‘व्हॉलंटियर’ म्हणून जायचा बेत आहे? वाढदिवसाला एखादा प्राणी ‘दत्तक’ घ्यायचाय? छान. आधी एवढं विचारा.

प्राणी कुठून आला, कुठल्या तारखेला, कुणी ताब्यात दिला? जप्तीचा कागद असतो, वन विभागाची नोंद असते.

केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता आहे का? मान्यताप्राप्त केंद्राला प्राण्यांचा हिशेब द्यावा लागतो. किती आले, किती जन्मले, किती मेले. शेवटचा आकडा सांगायला जो कचरतो, त्याच्याकडे जरा निरखून बघा.

तिथं पिल्लं का आहेत? वाचवलेल्या प्राण्यांची पैदास करून ती कुठे जाणार?

हात लावायला, कुशीत घ्यायला पैसे पडतात का? पडत असतील तर तिथून निघा.

आणि घरचंही बघा. काकांच्या गॅलरीतला पिंजऱ्यातला पोपट, मित्रानं ‘रेस्क्यू केलेलं’ स्टार कासव, दोन्ही ठेवणं वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. इग्वाना किंवा बॉल पायथनसारख्या परदेशी संरक्षित प्राण्यांची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते, २०२४ पासून तसे नियमच आहेत. ‘मी नसतो घेतला तर दुकानात मेला असता’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. तुम्ही एक विकत घेतला की दुकानदार दुसरा आणतो. ती खरेदी झाली, सुटका नव्हे.

संक्रांतीला फुटाळ्यावर किंवा तुमच्या गच्चीवर मांजात अडकलेला पक्षी दिसेल, तेव्हा फोन बाहेर काढाच, पण १९२६ लावायला. ती वन विभागाची हेल्पलाइन आहे. मांजा खेचू नका, चोचीत पाणी ओतू नका. हवेसाठी भोकं पाडलेल्या खोक्यात त्याला अंधारात, शांत ठेवा. व्हिडिओ राहून गेला तरी चालेल.

दोन आठवड्यांनी तो पक्षी सेमिनरी हिल्सच्या झाडांवरून उडून गेला, तर ते तुम्हाला कदाचित कुणी कळवणारही नाही. लाइक शून्य. पण त्या पक्ष्याची गोष्ट कुठून सुरू झाली, हे तुम्हाला पक्कं ठाऊक असेल.