लांब पल्ल्याची दुचाकी रॅली पाहावी कशी?

जळकोट (जि. लातूर), प्रतिनिधी : माळेगावच्या यात्रेत कुस्ती पाहणाऱ्याला निकालासाठी ताटकळावे लागत नाही. पाठ मातीला लागली की निकाल लागला. दुचाकींच्या लांब पल्ल्याच्या रॅलीचे मात्र तसे नाही. ही स्पर्धा कित्येक दिवस चालते, हजारो किलोमीटरवर पसरते आणि रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या प्रेक्षकाच्या वाट्याला तिच्यातील जेमतेम काही सेकंद येतात. हेल्मेट घातलेला एक स्वार समोरून निघून जातो. तो पहिला आहे की शेवटचा, हेही कळत नाही. तरीही या प्रकाराला जगभर निष्ठावंत प्रेक्षक आहेत, आणि त्यातील बहुतेकांनी स्पर्धेचा मार्ग कधी डोळ्यांनी पाहिलेला नसतो. नांदेड-उदगीर रस्त्यावरील जळकोटसारख्या तालुक्याच्या गावातील प्रेक्षक आणि परदेशातील एखाद्या महानगरातील प्रेक्षक या बाबतीत जवळजवळ एकाच पातळीवर आहेत.

या प्रकारातील सर्वांत नावाजलेली स्पर्धा अमेरिकेतील 'आयर्न बट रॅली'. नाव विनोदी आहे. मराठीत सांगायचे तर 'लोखंडी बैठक'. १९८४ साली मोजक्या स्वारांनिशी ती सुरू झाली आणि पुढे विषम वर्षांत होणारी स्पर्धा म्हणून स्थिरावली. कालावधी ११ दिवस, आणि अपेक्षित अंतर सुमारे ११ हजार मैल, म्हणजे १७ हजार ७०० किलोमीटर. आपल्याकडील मोजमापाने पाहू. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस एका फेरीत दोन हजार किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर कापते आणि त्यासाठी दीड दिवसाच्या आसपास वेळ घेते. त्या मार्गावर चार वेळा जाऊन-येऊनही हजारभर किलोमीटर शिल्लक राहावेत, एवढे हे अंतर आहे. रेल्वेचा चालक वाटेत बदलतो. इथे अकराही दिवस तोच माणूस, तीच गाडी.

पहिला येणारा विजेता नव्हे

या रॅलीला ठरलेला मार्ग नसतो, ही गोष्ट नव्या प्रेक्षकाला सर्वांत अधिक गोंधळात टाकते. स्वारांच्या हाती एक पुस्तिका पडते. तीत देशभर विखुरलेली असंख्य ठिकाणे, प्रत्येकाचे गुण आणि प्रत्येकाच्या अटी दिलेल्या असतात. कुठे जायचे, कुठे नाही आणि कोणत्या क्रमाने, हे ज्याचे त्याने ठरवायचे. एखाद्या ठिकाणचे गुण केवळ दिवसाउजेडीच मिळतात. पोचल्याचा पुरावा म्हणून स्वाराचा क्रमांक असलेले लहानसे निशाण त्या ठिकाणासमोर धरून छायाचित्र काढावे लागते. पूर्वी त्यासाठी पोलरॉइड कॅमेरा बाळगला जाई.

समजा, जळकोटहून अशीच तीन दिवसांची रॅली निघाली. (हे उदाहरण सर्वस्वी काल्पनिक आहे.) माहूरगडाला ३०० गुण, हंपीला ९०० पण फक्त सूर्यास्तापूर्वी, आणि कन्याकुमारीला ४ हजार. एक स्वार नकाशा पाहताच कन्याकुमारीकडे धावेल. दुसरा माहूर, वेरूळ, विजापूर, हंपी अशी साखळी जोडत जाईल आणि मधल्या रात्री व्यवस्थित झोपेल. तिसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळेत परतणे तर दोघांनाही बंधनकारक. उशीर झाला की गुण कापले जातात. तो मर्यादेबाहेर गेला की स्वार सरळ बाद, मग त्याने काय काय पाहिले याला किंमत नाही. कन्याकुमारीला जाणारा हा अधिक शूर वाटेल. जिंकेल तो कदाचित दुसरा.

त्यामुळे आयर्न बट रॅलीचा शेवट पाहायला गेलेल्यांना वाहनतळावर जल्लोष कमी आणि कागदांची उलथापालथ अधिक दिसते. थकलेला स्वार गुण तपासणाऱ्यांसमोर बसतो. छायाचित्रे, पेट्रोलच्या पावत्या, वेळेच्या आणि ओडोमीटरच्या नोंदी एकेक करून पडताळल्या जातात. ओडोमीटर खरे अंतर दाखवतो की नाही, हे रॅली सुरू होण्याआधीच मोजलेल्या मार्गावर प्रत्येकाची गाडी चालवून पाहिलेले असते. एक चुकीची नोंद, आणि शेकडो किलोमीटरांची मेहनत वाया. अंतिम क्रमांक समारोपाच्या भोजनप्रसंगी जाहीर होतात; तोपर्यंत आपण जिंकलो की नाही, हे विजेत्यालाही ठाऊक नसते. दूरवरचा प्रेक्षक संघटनेच्या संकेतस्थळावर रोज येणारा वृत्तांत वाचून, नकाशा पुढ्यात घेऊन, कोणी कोणती साखळी धरली असेल याचा अंदाज बांधत असतो. क्रिकेटचा धावफलक वाचण्याची सवय असलेल्या आपल्या वाचकाला ही गोडी समजायला अवघड जाऊ नये.

गाडी मोठी आणि महागडीच हवी, असेही नाही. १९९५ साली एड ओटो या स्वाराने होंडाच्या २५० सीसी 'हेलिक्स' स्कूटरवर ही रॅली पूर्ण केली. अधिकची पेट्रोल टाकी बसवण्यास परवानगी आहे, तीही मर्यादेत.

वेगाचे गणित, झोपेचे गणित

आता मुद्दा आपल्या अंगणातला. ही रॅली घेणारी 'आयर्न बट असोसिएशन' वैयक्तिक प्रमाणपत्रेही देते. त्यातील सर्वांत प्रसिद्ध 'सॅडलसोअर १०००' : २४ तासांत एक हजार मैल, म्हणजे सुमारे १ हजार ६१० किलोमीटर. ठिकठिकाणच्या पेट्रोल पावत्या, साक्षीदारांच्या सह्या आणि नोंदवही तपासून ते दिले जाते. भारतातील अनेक स्वारांनी ते मिळवले आहे, आणि महाराष्ट्रातील दुचाकीस्वारांच्या गटांत त्याला मान आहे.

१ हजार ६१० भागिले २४, म्हणजे ताशी ६७. ऐकायला सोपे. पण न थांबता कोणीच २४ तास गाडी चालवू शकत नाही. अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर बहुतेक ठिकाणी ताशी ११० किलोमीटरचा वेग कायद्यात बसतो. त्या वेगाने हे अंतर १४ तास ४० मिनिटांत संपते, आणि पेट्रोल, जेवण, झोप यांसाठी नऊ तासांहून अधिक वेळ हाती राहतो. म्हणजे प्रमाणपत्र मिळवूनही माणूस रात्री पाच-सहा तास अंथरुणावर पडू शकतो. मूळ कल्पनाच तशा रस्त्यांवर जन्मली आहे.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०१८च्या अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गावरही दुचाकीची कमाल वेगमर्यादा ताशी ८० आहे. त्या मर्यादेला एक क्षणही न सोडता चालवले, तरी १ हजार ६१० किलोमीटरला २० तास ८ मिनिटे लागतात. उरले चार तासांहून कमी. पेट्रोलसाठी सहा थांबे, प्रत्येकी वीस मिनिटांचे, म्हणजे दोन तास गेले. उरलेल्या दोन तासांत जेवण, शहरांतली कोंडी, वळणमार्ग, पाऊस आणि झोप. प्रत्यक्षात सलग ८०ची गती कोणत्याच भारतीय रस्त्यावर टिकत नाही. तेव्हा हे प्रमाणपत्र येथे कायदा पाळून मिळवायचे, तर झोप जवळजवळ सोडावी लागते. आणि झोप राखायची, तर वेगमर्यादा ओलांडावी लागते. समाजमाध्यमांवर झळकणाऱ्या अभिनंदनांच्या गर्दीत ही अडचण क्वचितच कोणी बोलून दाखवतो.

समृद्धी महामार्ग किंवा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग यांचा येथे उपयोग नाही. दोन्हींवर दुचाकींना बंदी आहे. जळकोटहून निघणाऱ्याला भोकर, भैंसामार्गे निर्मलला राष्ट्रीय महामार्ग ४४ गाठावा लागेल, किंवा उदगीर, बीदरवरून हुमनाबादला सोलापूर-हैदराबाद महामार्ग. तेथवर पोचण्यापूर्वीचा रस्ता मराठवाड्यातील वाचकाला वेगळा सांगायला नको. साखर कारखान्यांच्या हंगामात मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली, पांढरे पट्टे न मारलेले गतिरोधक आणि उबदार डांबरावर येऊन बसलेली जनावरे, ही सगळी रात्रीचीच मंडळी.

झोप अनावर झाली की मेंदू काही क्षण आपोआप बंद पडतो, डोळे उघडे असले तरीही. ताशी ८०च्या वेगात तीन सेकंदांत दुचाकी सुमारे ६७ मीटर पुढे जाते. पहाटे दोन ते पाच हा काळ सर्वांत वाईट. शरीराचे घड्याळच त्या वेळी झोपेची मागणी करीत असते. अनुभवी स्वार म्हणूनच वेग वाढवण्यापेक्षा थांबे आटोपशीर ठेवतात. ८०ऐवजी १००च्या वेगाने गेल्यास या अंतरात चार तास वाचतात, हे खरे. पण आठ थांब्यांवर प्रत्येकी अर्धा तास रेंगाळणारा तेच चार तास चहाच्या टपरीवर घालवतो. भरधाव वेगाचा नाद सोडा आणि थकलात की थांबा, असा सल्ला या संघटनेच्या अनुभवी स्वारांनी संकलित केलेल्या सूचनांतही आहे. गाडीशेजारी जमिनीवरच अंग टाकून, गजर लावून घेतलेल्या डुलकीला त्यांच्यात 'आयर्न बट मोटेल' असे गमतीचे नाव आहे. या खेळातील खरे कौशल्य कोणते, असे विचाराल तर वेळेवर झोपणे हेच, असे आमचे मत आहे. दुर्दैवाने तेच चित्रफितीत दिसत नाही.

डकारकडे पाहताना

दूरचित्रवाणीवर आणि इंटरनेटवर भरपूर दिसणारी रॅली म्हणजे डकार. १९७८च्या डिसेंबरात पॅरिसहून ती प्रथम निघाली, २००९ ते २०१९ दक्षिण अमेरिकेत झाली आणि २०२०पासून सौदी अरेबियात होते. तिचा महिना जानेवारी. २०१५ साली सी. एस. संतोष ३६वा आला. ही रॅली पूर्ण करणारा तो पहिला भारतीय. २०२४ साली हरिथ नोआने 'रॅली २' गटात विजेतेपद मिळवले, तर हिरो संघाचा रॉस ब्रँच एकूण क्रमवारीत दुसरा आला.

डकारचा तक्ता वाचतानाही कुस्तीच्या फडाची दृष्टी उपयोगाची नाही. आज टप्पा जिंकणाऱ्याला उद्या सर्वांआधी निघावे लागते. वाळवंटात वाट शोधण्याचे काम त्याच्यावर येते आणि मागचे त्याच्या चाकांच्या खुणांवर वेगाने येतात. म्हणून आज पहिला, उद्या दहावा असे झाले तर ती घसरण समजू नये. कित्येकदा स्वार हिशेबानेच मागे राहतो.

येथेही किंमत मोजावी लागते. हिरो संघाचा पोर्तुगीज स्वार पाउलो गोन्साल्विस १२ जानेवारी २०२० रोजी सातव्या टप्प्यात अपघातात मृत्युमुखी पडला. पुढच्याच वर्षी संतोषला गंभीर अपघात झाला. धोका स्वारांपुरता मर्यादित नाही. २०१० साली अर्जेंटिनातील पहिल्याच टप्प्यात मार्गाबाहेर गेलेल्या वाहनाची धडक बसून एका प्रेक्षक तरुणीचा मृत्यू झाला. मार्गालगत जाऊन पाहायचेच असेल तर वळणाच्या बाहेरच्या अंगाला कधीही उभे राहू नये. घसरलेले वाहन तिकडेच जाते. शक्यतो उंचावर, स्वार येण्याच्या दिशेला तोंड करून थांबावे.

घरी बसलेला प्रेक्षक

एक प्रेक्षक मात्र कोणत्याच रॅलीच्या माहितीपत्रकात नसतो. घरातला माणूस. स्वार आपला ठावठिकाणा मोबाइलवरून कळवीत असतो आणि घरचे त्या सरकत्या ठिपक्याकडे रात्रभर पाहत बसतात. ठिपका थांबला की काळजाचा ठोका चुकतो आणि लगेच फोन लावला जातो. तसे करू नये. थांबलेला ठिपका बहुधा पेट्रोल भरत असतो, नाहीतर झोपलेला असतो, आणि तो झोपलेला असणे ही सर्वांत चांगली बातमी आहे. काळजी करावी ती पहाटे तीन वाजताही एकसारख्या वेगाने पुढे सरकणाऱ्या ठिपक्याची. फोन कोणी, कोणत्या थांब्यावरून आणि किती वाजता करायचा, किती वेळ संपर्क झाला नाही तर कोणाला कळवायचे, हे निघण्यापूर्वीच कागदावर लिहून एक प्रत घरी ठेवावी. संपर्कासाठी दिलेला दुसरा क्रमांक मागच्या सीटवर बसणाऱ्याचा नसावा.