डॅकसाठी वायर शोधताय? आधी गच्चीवर बघा

घरीच डॅक बनवायचं डोक्यात घोळतंय? डॅक म्हणजे टीव्ही किंवा जुन्या डीव्हीडी प्लेअरमधून निघालेले डिजिटल आकडे स्पीकरला कळतील अशा सिग्नलमध्ये बदलणारा छोटा डबा. तयार बोर्ड ऑनलाइन मिळतात. घोडं अडतं ते मागच्या सॉकेटपाशी. तिथे कुणीतरी हमखास सांगतं, "डिजिटल आहे रे, शून्य नि एक. कुठलीही वायर लाव."

लागते, पण भरवशाची नाही. सीडीचा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो. डावा-उजवा दोन्ही चॅनेल एसपीडीआयएफ पद्धतीनं एकाच वायरीतून जातात, सेकंदाला २८ लाखांहून जास्त बिट. व्होल्टेज जेमतेम अर्धा! पाटाचं पाणी बंद दारावर आपटून मागे फिरतं ना, तसा इथे सिग्नल टोकावरून परततो आणि मागून येणाऱ्या सिग्नलला धडकतो. म्हणून केबल ७५ ओहमची हवी आणि सॉकेटच्या मधल्या पिनेपासून ग्राउंडपर्यंत ७५ ओहमचा रेझिस्टर हवा. बोर्डवर तो आधीच असेल तर दुसरा लावू नका.

आता ही केबल आणायला पुणं गाठायची गरज नाही. धाराशिव असो की उमरगा, गच्चीवरच्या डिशची केबल ७५ ओहमचीच असते. (चालू डिशची कापू नका, घरचे जेवायला देणार नाहीत.) एक गोम आहे. स्वस्त डिश केबलची जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते, तिला साधं सोल्डर धरत नाही. सीसीटीव्हीवाल्याकडची केबलही ७५ ओहमची. घेताना टोक सोलून तांब्याची जाळी आहे ना, एवढं बघा. सगळ्यात सोपं म्हणजे डीव्हीडीच्या तीन रंगी वायरीतली पिवळी घ्या. ती व्हिडिओची, म्हणून ७५ ओहमची. सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या 'डिजिटल केबल'चे पैसे वाचले.

डब्याच्या आत रिसीव्हर चिपपासून डॅक चिपपर्यंत आय-टू-एसच्या तीन वायरी जातात: बिट क्लॉक, डावं-उजवं सांगणारा क्लॉक आणि डेटा. सोबत ग्राउंड. या बोटभरच ठेवा. पीसीएम ५१०२ चा बोर्ड असेल आणि मास्टर क्लॉक देणार नसाल, तर त्याची एससीके पिन ग्राउंडला जोडा. ती लोंबकळत राहिली की बोर्ड मुका बसू शकतो आणि आपण उगाच सोल्डरला शिव्या घालतो.

सगळं जोडून झालं की आराधी गाण्यांचं रेकॉर्डिंग लावा, संबळ असलेलं. दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत खर्जातला 'हूंऽऽ' येतोय? तांब्याच्या केबलमुळे दोन उपकरणांचे ग्राउंड जोडले जातात, तिथून बऱ्याचदा घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घुरघुर शिरते. अशा वेळी तोशिबानं १९८३ मध्ये आणलेली टॉसलिंक वापरा. प्लास्टिकच्या धाग्यातून लाल प्रकाश जातो, त्यातून वीज येणारच कुठून! फक्त तिच्या रिसीव्हरच्या पिना अंदाजानं जोडू नका. कंपनीगणिक क्रम बदलतो, डेटाशीट उघडा.