टॅपेट वाजला, तर आधी तेल तपासा

वीस वर्षं चाललेल्या फोर्ड आयकॉन 1.6 च्या किंवा ओपेल कोर्साच्या बॉनेटखालून टकटक येऊ लागली, की गॅरेजमध्ये लगेच सांगितलं जातं, ‘टॅपेट गेले, सगळा सेट बदला.’ हा निकाल घाईचा असतो. या इंजिनांतले टॅपेट हायड्रॉलिक आहेत. त्यांचं सगळं काम इंजिन ऑइलवर चालतं. म्हणून त्यांच्या आवाजाचा तपास तेलापासून सुरू व्हायला हवा आणि टॅपेट खोलायची वेळ सगळ्यात शेवटी यायला हवी.

धातू तापला की प्रसरण पावतो, त्यामुळे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यात थोडी फट सोडावी लागते. प्रीमियर पद्मिनी किंवा मारुती 800 मध्ये ही फट फिलर गेज घालून, स्क्रू फिरवून सेट करत. हायड्रॉलिक टॅपेट तीच फट तेलाने भरून काढतो; 1930 च्या कॅडिलॅक व्ही-16 मध्येही ही कल्पना वापरली होती. टॅपेटच्या पोटात एक दट्ट्या असतो, त्याच्याखाली स्प्रिंग आणि एक बारीक गोळी. पंपाच्या दाबाने तेल आत येतं, कॅमचा भार पडला की गोळी परतीची वाट बंद करते आणि कोंडलेलं तेल दबत नसल्यामुळे टॅपेट भरीव लोखंडासारखा वागतो. दट्ट्याभोवतीची जागा काही मायक्रॉनचीच. तिथे काजळीचा चिकटा बसला, तेलात हवा मिसळली किंवा दाबच कमी पडला, की दट्ट्या बसतो, फट उघडते आणि धातूवर धातू आपटतो.

आवाज कधी येतो, हा इथे सगळ्यात बोलका पुरावा. रात्रभर उभ्या गाडीत जे व्हॉल्व्ह उघडे राहिले असतील, त्यांच्या स्प्रिंगच्या भाराने टॅपेटमधलं तेल हळूहळू निथळतं. म्हणून सकाळी काही सेकंद टकटक झाली तर काळजी नको. ती दोन-चार मिनिटं टिकत असेल, तर जुनं तेल किंवा हलक्या प्रतीचा फिल्टर यांच्यावर संशय घ्यावा. इंजिन तापल्यावर फक्त आयडलिंगला आवाज येत असेल, तर दाब गेजने मोजलाच पाहिजे, कारण डॅशबोर्डवरचा लाल दिवा दाब अगदी तळाला गेल्याशिवाय लागत नाही. इथे दोष पंपाचा किंवा झिजलेल्या बेअरिंगचा असू शकतो. नवे टॅपेट घालून तो जाणार नाही. वेग वाढल्यावर आवाज वाढत असेल, तर डिपस्टिक पाहावी. तेल कमी असलं तर पंप हवा ओढतो, आणि प्रमाणाबाहेर भरलं तर क्रँक ते घुसळून फेस करतो. शिवाय एग्झॉस्ट मॅनिफोल्डचं गळकं गॅस्केटही थंड इंजिनात हुबेहूब असंच वाजतं.

जाड तेल घातलं की आवाज बंद होतो, असं अनेक अनुभवी मेकॅनिक सांगतात, आणि ते पुष्कळदा खरंही असतं. पण गरम इंजिनात दाब वाढवणारं हेच तेल थंडीत कॅमपर्यंत उशिरा पोहोचतं, आणि झिजेचा धोका नेमका तेव्हाच असतो. ‘वर्षानुवर्षं वाजतंय, काही झालं नाही’ हा दुसरा युक्तिवाद. मात्र सैल टॅपेटवर प्रत्येक फेरीला ठोका बसतो. त्याने कॅम खराब झाला, की काही हजारांचं काम हेडपर्यंत जातं. रॉकेल किंवा डिझेल घालून इंजिन धुण्याचा सल्ला तर मुळीच मानू नये. पातळ झालेलं तेल बेअरिंग राखू शकत नाही आणि सुटलेला गाळ पंपाच्या जाळीत अडकतो.

योग्य क्रम साधा आहे. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं तेल आणि चांगला फिल्टर घालावा, इंजिन तापवून काही मिनिटं दोन-अडीच हजार आरपीएमवर ठेवावं म्हणजे अडकलेली हवा निघते, आणि मग काही दिवस गाडी नेहमीसारखी चालवावी. गाळ फार असेल तर पुढचा ऑइल चेंज लवकर करावा. एवढ्यानेही आवाज राहिला आणि दाब ठीक निघाला, तरच कव्हर उघडावं. व्हॉल्व्ह बंद असताना जो टॅपेट बोटाच्या दाबाने सहज खाली जातो, तो निकामी. बदलायचे झाले तर पूर्ण सेट बदलावा, आणि कॅमचे उंचवटे नखाने चाचपून पाहावेत, कारण खड्डे पडलेल्या कॅमखाली नवा टॅपेट टिकत नाही. बसवल्यावर लगेच सेल्फ मारू नये. तेलाने जास्त फुगलेला टॅपेट व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतो. अर्धा-पाऊण तास थांबून इंजिन आधी हाताने दोन फेऱ्या फिरवावं.