जुन्या कॅरव्हॅनमधला फ्यूज नेमका कुणाला वाचवतो?

ही रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेली असेल. ब्रिटनमधलं एखादं तरुण जोडपं तीस-पस्तीस वर्षांची जुनी कॅरव्हॅन स्वस्तात उचलतं. आतल्या चॉकलेटी कपाटांना पांढरा रंग, नवे पडदे, दिव्यांच्या माळा, कोपऱ्यात कॉफी मशीन. साठ सेकंदांत घर तयार! कमेंटमध्ये आपली मंडळीही एकमेकांना टॅग करत असतात.

रीलमध्ये कधीच दिसत नाही ती कपाटामागची वायरिंग. खरी काळजी घ्यायची जागा तीच. कारण या गाड्या बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि आतून लाकडी पट्ट्या, थर्मोकोल, प्लायवूड अशा बनलेल्या असतात. शिवाय सोबत गॅसचा सिलिंडर.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. कॅरव्हॅनला स्वतःचं इंजिन नसतं, ती कारच्या मागे ओढली जाते. तिच्यात विजेच्या दोन वेगळ्या व्यवस्था असतात. कॅम्पसाइटवर निळ्या प्लगची जाड केबल जोडली की २३० व्होल्टची घरगुती वीज मिळते. दुसरी व्यवस्था १२ व्होल्टची. ती आतल्या बॅटरीवर चालते आणि दिवे, पाण्याचा पंप, पंखा वगैरे सांभाळते.

लोक २३० ला घाबरतात आणि १२ ला खेळणं समजतात. गडबड इथेच होते.

१२ व्होल्टला हात लावला तर सहसा शॉक बसत नाही, हे खरं. पण तारेला तापवतो तो करंट, म्हणजे अँपिअर. ६० वॉटचं उपकरण २३० व्होल्टवर साधारण पाव अँपिअर खेचतं. तेच ६० वॉट १२ व्होल्टवर हवे असतील तर ५ अँपिअर लागतात, म्हणजे जवळपास वीसपट. आणि करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. त्यात बॅटरीच्या दोन टोकांमध्ये थेट शॉर्ट झाला तर तीच बॅटरी शेकडो अँपिअर ओकू शकते. शॉक बसणार नाही, पण प्लायवूड पेटू शकतं.

फ्यूज उपकरणासाठी नसतो

आपल्याला वाटतं, पंपाचा फ्यूज म्हणजे पंप वाचवणारा फ्यूज. तसं नसतं. फ्यूज मुख्यतः तारेसाठी असतो. तार जेवढा करंट न तापता वाहू शकते, त्याच्या आतच फ्यूजने जीव द्यायचा, एवढं त्याचं काम.

आपल्याकडच्या जुन्या घरांतला चिनी मातीचा किटकॅट आठवा. फ्यूज सारखा उडतो म्हणून एखादे काका त्यात जाडजूड तांब्याची तार गुंडाळायचे आणि 'आता बघतो कसा उडतो' म्हणायचे. फ्यूज उडायचा बंद व्हायचा, पण मग भिंतीतली तार फ्यूजचं काम करायला लागायची. कॅरव्हॅनमध्ये हेच रंगीत प्लास्टिकच्या फ्यूजने होतं. १० चा लाल फ्यूज जातो, हाताशी ३० चा हिरवा असतो, तो घुसवला जातो. फार जुन्या गाड्यांत काचेच्या नळीचे फ्यूज असतात. त्यांच्यावरचा आकडा पुसट झालेला असतो, त्यामुळे काय बसवलंय तेच कळत नाही.

आता त्या कॉफी मशीनचं बघा. १२ व्होल्टवरून ते चालवायला इन्व्हर्टर लागतो. १००० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर बॅटरीतून ८० अँपिअरहून जास्त खेचतो. मूळ वायरिंग मात्र चार ट्यूबलाइट आणि एका पंपाच्या हिशेबाने टाकलेली. इन्व्हर्टरला थेट बॅटरीपासून स्वतःची जाड केबल आणि तिचा स्वतःचा फ्यूज लागतो. जुन्या सर्किटवर तो टांगणं म्हणजे आगीला आमंत्रण.

फ्यूज कुठे बसवलाय हेही तितकंच महत्त्वाचं. बॅटरीच्या प्लस टोकापासून वीत-दीड वीत अंतरात मुख्य फ्यूज हवा. कारण बॅटरी ते फ्यूज हा तारेचा तुकडा बेवारस असतो. तो पत्र्याला घासून सोलला गेला तर त्याला वाचवणारं कुणी नसतं. जुन्या गाड्यांत फ्यूज दोन-तीन मीटर लांब, कंट्रोल पॅनलवरच सापडतात कधीकधी.

रंगांवर जाऊ नका

ब्रिटनच्या घरगुती वायरिंगमध्ये तपकिरी लाइव्ह, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. पण कार आणि कॅरव्हॅन जोडणाऱ्या सात पिनांच्या काळ्या प्लगमध्ये तपकिरी म्हणजे उजवा टेल लॅम्प, निळी म्हणजे मागचा फॉग लॅम्प, हिरवी म्हणजे उजवा इंडिकेटर आणि पांढरी म्हणजे अर्थ! त्यात आधीच्या तीन-चार मालकांनी मिळेल त्या रंगाची तार जोडलेली असते. म्हणून रंग नाही, मल्टिमीटर बघायचा.

२३० च्या बाजूला फ्यूजऐवजी एमसीबी असतात आणि सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीडी. आपल्याकडचे इलेक्ट्रिशियन त्याला सरसकट ईएलसीबी म्हणतात. माणसाला शॉकपासून वाचवतो तो हा आरसीडी. फार जुन्या गाडीत तो नसेल तर पडद्यांआधी त्यावर खर्च करा. बाहेरची केबल लांब असेल तर उरलेली गुंडाळी तशीच ठेवायची नाही, पूर्ण उलगडायची. गुंडाळलेली केबल लोडवर चांगलीच तापते. २३० चं काम मात्र घरी यूट्यूब बघून करायचं नाही, जाणकार माणसाकडून तपासून घ्यायचं.

आता फ्यूजची एक मर्यादा, जी सहसा कुणी सांगत नाही. सैल सांधा फ्यूजला दिसतच नाही. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी स्क्रू ढिले होतात, दमट हवेने तांब्यावर हिरवट थर चढतो. अशा जागी अडथळा वाढतो, पण करंट वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो. फ्यूज शांत बसतो आणि सांधा तापत राहतो. त्यामुळे १२ व्होल्टचे दिवे, पंखा, पंप अर्धा तास चालवा, मग सगळं बंद करून फ्यूज होल्डर आणि जोडण्यांना हात लावून बघा. कुठे गरम लागलं, किंवा प्लास्टिक तपकिरी पडून वेडंवाकडं झालेलं दिसलं, तर फ्यूजचा आकडा बरोबर असला तरी तो सांधा कापून नवा करायचा.