घडीचा सूक्ष्मदर्शक

बेंगळुरूच्या बेल्लारी रस्त्यालगत, कृषी विद्यापीठाच्या आवारात, नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेस ही संस्था आहे. एनसीबीएस म्हणून ती ओळखली जाते. तिथल्या मोठ्या सूक्ष्मदर्शकांना स्वतंत्र वातानुकूलित खोल्या लागतात, आणि ते वापरायला आधी वेळ ठरवून घ्यावी लागते. या संस्थेचे संचालक राहिलेले के. विजयराघवन पुढे दिल्लीत केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले. त्यांच्या कारकिर्दीत, २०१५ साली, त्या विभागाने एका सूक्ष्मदर्शकासाठी करार केला आणि तो निघाला कागदाचा. नाव फोल्डस्कोप, वजन नऊ ग्रॅमच्या आत, सुट्या भागांची किंमत एका डॉलरपेक्षा कमी.

तो घडवला मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात. प्रकाश मूळचे मेरठचे, शिक्षण आयआयटी कानपूरचं. दूरदूरच्या संशोधन केंद्रांना भेटी देताना त्यांना महागडे सूक्ष्मदर्शक नुसते पडून राहिलेले दिसले. बिघडला तर काय, या धास्तीने कोणी हात लावत नसे. आपल्याकडच्या किती शाळांना हे नवं वाटेल? सूक्ष्मदर्शक कपाटात, किल्ली दुसऱ्याच कोणाकडे. वर्षातून एकदा रांग लागते, प्रत्येकाला काही सेकंद डोळा लावायला मिळतो, आणि जर्नलमध्ये पुस्तकातली आकृती उतरते.

फोल्डस्कोपचे भाग छापील कागदातून सुटे करून, घड्या घालून मुलं स्वतःच जोडतात. त्यातलं खरं यंत्र म्हणजे काचेचा एक गोल मणी, मोहरीच्या दाण्याहून जरा मोठा. मणी जितका लहान तितका त्याचा वक्र तीव्र आणि वस्तू तितकी मोठी दिसते. २.४ मिलिमीटरचा मणी सुमारे १४० पट मोठं दाखवतो. ०.३ मिलिमीटरचा नीलमण्याचा मणी लावला तर दोन हजार पटींच्या पुढे जाता येतं, पण दिसणारा भाग इतका आक्रसतो की शाळेत त्याचा उपयोग थोडाच. स्लाइड सरकवायची, कागद किंचित वाकवून अंतर जुळवायचं आणि उजेडाकडे तोंड करून बघायचं. पायाखाली आला तरी यंत्र टिकतं. फोल्डस्कोपवरच्या २०१४ च्या शोधनिबंधात ही कसोटीसुद्धा नोंदवलेली आहे.

एका मण्याची ही युक्ती जुनीच आहे. डेल्फ्टचा कापडव्यापारी अँटनी व्हान लेव्हेनहुक १६७० च्या दशकात असंच एकच बारीक भिंग डोळ्याशी धरून तळ्याच्या पाण्यातले जीव बघत होता. लंडनच्या रॉबर्ट हूकने त्याआधी, १६६५ मध्ये, बुचाच्या पातळ कापात खोल्या खोल्या पाहिल्या होत्या. त्याचं यंत्र अनेक भिंगांचं आणि देखणं. दिसल्या मात्र मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती.

आता वर्गात येऊ. महाराष्ट्रात सातवीच्या सामान्य विज्ञानात ‘पेशीरचना आणि सूक्ष्मजीव’ असा धडा आहे. बेंगळुरूतली मुलंही साधारण याच वयात पेशींशी ओळख करून घेतात. कांद्याच्या आतल्या बाजूचा पारदर्शक पापुद्रा, आयोडीनचा थेंब, कव्हरस्लिप. लांबट कप्पे रांगेने दिसतात, कप्प्यात पिवळसर ठिपका, ते केंद्रक. तंतुकणिका दिसत नाहीत. तरी जर्नलात त्या काढलेल्या असतात, रंगवून, बाण करून, आणि त्यालाच पूर्ण गुण मिळतात. हे मला पटत नाही. न दिसलेलं काढायला शिकवून निरीक्षण कसं शिकवणार?

शिवाय कांद्याच्या एका पापुद्र्यावरून सगळे सजीव पेशींचे असतात हे कुठे ठरतं? श्लायडेनने १८३८ मध्ये ते वनस्पतींबद्दल मांडलं, श्वानने १८३९ मध्ये प्राण्यांबद्दल. दोघांच्या मागे असंख्य नमुने पाहिल्याची शिदोरी होती. मुलांनाही नमुने हवेत: गालाच्या आतून खरवडलेल्या पेशी, शेवाळाचं पान, बटाट्याचा काप, बेंगळुरूच्या लालबागेच्या तळ्यातलं पाणी. गालाची पेशी कांद्याच्या पेशीहून लहान, भिंत नसलेली, कडेला दुमडलेली. दोन्ही ओळीने पाहिल्या की ‘यातली कुठली झाडाची?’ हा प्रश्न मुलंच विचारतात. कपाटातल्या एका सूक्ष्मदर्शकावर चाळीस मुलांना एवढं सगळं दाखवणं कठीण. प्रत्येकाच्या हातात कागदी यंत्र असलं की एका आठवड्यात होऊ शकतं. पहिल्या टप्प्यात १३० हून अधिक देशांत ५०,००० फोल्डस्कोप वाटले गेले ते याच हिशेबाने.

उणिवाही आहेत. हात हलला की चित्र पळतं. पापण्या मध्ये येतात, ढगाळ दिवशी अंधारतं. मुलाला नक्की काय दिसतंय हे शिक्षकांना कळत नाही. हवेच्या बुडबुड्याला पेशी समजून अख्खं पान भरणारी मुलं असतातच, काळी जाड कड हीच बुडबुड्याची खूण. चुंबकाने फोल्डस्कोप फोनच्या कॅमेऱ्यावर बसवला की ही अडचण सरते, आणि वर्गात फोन येण्याची दुसरी सुरू होते.

मर्यादा भिंगाचीही आहे. साधारण दोन मायक्रॉनहून जवळचे दोन बिंदू २.४ मिलिमीटरचा मणी वेगळे दाखवत नाही. बेंगळुरूत घरोघरी इडलीचं पीठ फुगतं ते मुख्यतः जिवाणूंमुळे, पण ते इथे जेमतेम ठिपक्यांसारखे दिसतील. पावाच्या यीस्टच्या पेशी मात्र पाच मायक्रॉनच्या आसपास असतात, त्या ओळखू येतात.

आणि यीस्ट लागतंच. पेशी आधीच्या पेशीपासूनच तयार होते, हे पेशीसिद्धांताचं तिसरं कलम १८५० च्या दशकात रेमाक आणि व्हिर्चो यांनी मांडलं. तेच वर्गात दाखवायला सर्वांत अवघड, कारण एका तासिकेत कांदा काही विभागत नाही. कोमट साखरपाण्यात यीस्ट घालून तासाभराने त्यातला थेंब स्लाइडवर घेतला, तर काही पेशींच्या अंगाला लहान गोल फुगवटे आलेले दिसतात. त्यातला एक निवडायचा आणि दर दहा मिनिटांनी त्याचं चित्र काढायचं. स्लाइड सुकू नये म्हणून कव्हरस्लिपच्या कडेला व्हॅसलीन लावायचं.