‘देवाशी वैयक्तिक नातं’ म्हणजे नेमकं काय? टिळकांच्या घरातली गोष्ट

ख्रिस्ती प्रवचनांत ‘देवाशी वैयक्तिक नातं’ हे शब्द हमखास कानावर येतात. पण बाप्तिस्मा झाला, रविवारी चर्चला गेलं, एवढ्यानं ते जुळत नाही का? मराठीत याचं उत्तर शोधायचं तर रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाईंच्या घरात डोकवावं.

टिळकांना रेल्वेप्रवासात एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशानं बायबलचा नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनानं त्यांना धरून ठेवलं. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंवर मात्र आभाळच कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी सोवळं सोडलं नाही. मग एकदा त्यांनी स्वतःलाच विचारलं, जातिभेद खरंच देवानं केलाय का? मन ‘नाही’ म्हणालं आणि यापुढे कुणाच्याही हातचं खायचं त्यांनी ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. नवऱ्याच्या श्रद्धेवर बायकोचं देवाशी नातं उभं राहत नाही, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लख्ख दिसतं.

हे नातं वाढतं ते मुख्यतः बोलण्यातून. येशू प्रार्थनेत देवाला ‘अब्बा’ म्हणतो. हा बापासाठीचा अरामी शब्द. म्हणून ख्रिस्ती प्रार्थना म्हणजे फक्त मागण्यांची यादी नसते. तिच्यात आभार असतात, चुकांची कबुली असते आणि चक्क तक्रारही. बायबलमधलं ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, दिलासा न मिळता! देव जवळ वाटत नाही अशा दिवसांतही त्याच्याशीच बोलायचं, हा त्याचा अर्थ. जोडीला रोज शुभवर्तमानाचा एखादा उतारा वाचणं आणि थोडा वेळ गप्प बसणं. बस्स.

पण बोलायचं कोणत्या भाषेत? टिळकांना परक्या चालीवरची भाषांतरित गीतं पुरेना. तुकोबांच्या अभंगांवर वाढलेलं मन ते. मग त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले, त्याला आई म्हटलं, गुरू म्हटलं. आयुष्याच्या शेवटी मिशनचं पगारी काम सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला.

१९१९ मध्ये ते गेले, तेव्हा येशूच्या जीवनावरचं त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं.